मोठी रिम नको, ताजं रबर हवं

गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये आणि त्यांच्या गॅरेजांमध्ये सध्या एक मत फार जोरात आहे. साठ वर्षांपूर्वीच्या दमदार गाडीची १३ किंवा १४ इंची मूळ चाकं काढून टाका, त्या जागी १६-१७ इंची अलॉय आणि त्यावर रुंद, बुटके टायर चढवा. नाहीतर गाडी रस्ता धरणार नाही आणि तुम्ही स्वतःबरोबर दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालाल. कोणी शोभेसाठी मोठी चाकं लावत असेल तर ती त्याची आवड, त्यावर मला वाद घालायचा नाही. पण हे मत सुरक्षेच्या नावाने सांगितलं जातं आणि नवे मालक ते घाबरून ऐकतात. म्हणून त्याचा प्रतिवाद व्हायला हवा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पकड रिमच्या इंचांतून येत नाही. टायरचं रबर किती ताजं आहे, कोणत्या मिश्रणाचं आहे, टायरची बांधणी कशी आहे आणि त्यात हवा किती आहे, यावर पकड ठरते. उत्तर गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीच्या रस्त्यांवर, तेही पावसाळ्यात, मूळ मापाच्या चाकावरचा ताजा, चांगला रेडियल टायर हा मोठ्या अलॉयपेक्षा शहाणपणाचा पर्याय आहे.

आधी गाड्या कोणत्या ते सांगतो. १९६१ पूर्वी उर्वरित भारतात नवी परदेशी गाडी मिळणं दुर्मीळ होतं, पण पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात खनिज निर्यातीचा पैसा खेळत होता आणि मर्सिडीझ, ओपेल, फोक्सवागन बोटीने मुरगावात उतरत होत्या. मर्सिडीझची गोलसर ‘पॉन्टन’ त्यातलीच. तिच्या डिझेल गाड्या पुढे गोव्यात टॅक्सी म्हणूनही वर्षानुवर्षं धावल्या. या पॉन्टनची चाकं १३ इंची. १९५९ मध्ये तिच्या जागी मागे पंखासारख्या कडा असलेलं नवं मॉडेल आलं. त्यातल्या २२० एसईचं सहा सिलिंडरचं इंजिन १२० अश्वशक्तीचं होतं आणि चाकं तेव्हाही १३ इंचीच होती. त्याच काळात आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरची ताकद पन्नाशीच्या आसपास होती, हे लक्षात घेतलं की ‘दमदार’ हा शब्द का वापरला ते कळेल. अशा गाड्या आज घराघरांतल्या शेडमधून पुन्हा बाहेर निघताहेत, दुरुस्त होताहेत, आणि टायर बदलायची वेळ आली की हा वाद उभा राहतो.

पहिला मुद्दा: दमदार गाडीला छोटं चाक पुरत नाही, असं म्हणतात. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९६० ची माँटे कार्लो रॅली वाल्टर शॉक आणि रॉल्फ मोल यांनी जिंकली, ती याच २२० एसईमध्ये, १३ इंची चाकांवर, हिवाळ्यातल्या बर्फाळ घाटरस्त्यांवर. १९६२ मध्ये एवी रॉसक्विस्ट आणि उर्सुला विर्थ या दोघींनी अर्जेंटिनाची टूरिंग गाड्यांची ग्रां प्री २२० एसई चालवून जिंकली आणि सहाच्या सहा टप्प्यांत त्या पहिल्या आल्या. तिथले रस्ते मातीचे, दगडांचे होते. मिनी कूपर एसची चाकं तर अवघी १० इंची. तिने माँटे कार्लो १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली.

ताकदीचाच हिशेब करायचा तर आणखी पुढे जाऊ. १९६८ ची मर्सिडीझ ३०० एसईएल ६.३ अडीचशे अश्वशक्तीची होती आणि १९७५ ची ४५० एसईएल ६.९ तर २८६ अश्वशक्तीची. दोन्हींची चाकं १४ इंची. ६.९ चा टायर २१५/७० मापाचा होता आणि गाडी ताशी २२५ किलोमीटरपर्यंत जात होती. छोट्या रिमवर ताकद सांभाळता येत नसती तर त्या कारखान्याच्या अभियंत्यांनी असा धोका पत्करला नसता. पेडण्याहून म्हापशाला जाताना आपण त्यांच्यापेक्षा जास्त काय मागणार आहोत?

दुसरा मुद्दा जास्त तांत्रिक आहे आणि सर्वाधिक फसवा आहे: मोठी रिम म्हणजे मोठं चाक, मोठं चाक म्हणजे जास्त पकड. गणित करून पाहा. १८५/८० आर १३ या टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६२६ मिलिमीटर येतो. २०५/४५ आर १७ चा येतो ६१६. म्हणजे रस्त्यावर फिरणारं चाक जवळजवळ तेवढंच आहे. फरक पडतो तो आतल्या वाटणीत. पहिल्यात रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची १४८ मिलिमीटर आहे, दुसऱ्यात ९२. तुम्ही चाक मोठं केलं नाही. रबर कमी केलं आणि धातू वाढवला.

रस्त्याला टेकणारा टायरचा ठसा किती मोठा, हेही मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा यावर ठरतं. एका चाकावर ४०० किलो भार आणि ३० पौंड हवा असेल तर ठसा ढोबळमानाने १९० चौरस सेंटिमीटरचा होतो. रुंद टायर घातला की तो ठसा आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. क्षेत्रफळात मोठा फरक पडत नाही. कोरड्या ट्रॅकवर, वेगात वळण घेताना अशा रुंद ठशाचा फायदा होतो, हे मी मान्य करतो. बुटका टायर स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देतो, हेही खरं. पण तो फायदा ज्या रस्त्यावर मिळतो तो रस्ता आपल्याकडे वर्षातले चार महिने नसतो.

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. अशा रस्त्यावर टायरचं पहिलं काम पाणी बाजूला सारून खालचं डांबर गाठणं. रुंद टायरला जास्त पाणी सारावं लागतं आणि त्यासाठी त्याच्या आखूड ठशाला वेळ कमी मिळतो. पाणी सरलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग हलकं होतं आणि ब्रेकला अर्थ उरत नाही. विमानांच्या टायरवर नासाने केलेल्या चाचण्यांतून एक सूत्र निघालं होतं: नक्षी झिजलेला टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल हे त्यातल्या हवेच्या दाबावरून सांगता येतं. ३० पौंडाला तो वेग ताशी साधारण ९१ किलोमीटर येतो, २२ पौंडाला ७८. पत्रादेवीहून धारगळकडे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर हे आकडे सहज ओलांडले जातात. तिथे तुमचा जीव वाचवायला रिमचे इंच येत नाहीत. टायरच्या खाचांची खोली, बेताची रुंदी आणि बरोबर हवा, एवढंच कामी येतं.

डिचोलीची गोष्ट आणखी वेगळी आहे. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमध्ये उत्खनन पुन्हा सुरू झालं. खनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांनी जातात तिथे लोहखनिजाची बारीक भुकटी आणि लाल धूळ डांबरावर बसते. पहिल्या सरीत तिचं गिलाव्यासारखं बुळबुळीत पातळ होतं. मये, पिळगाव, सारमानसच्या बाजूला ज्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी चालवली आहे त्याला हे सांगायला नको. त्यात ट्रकांनी पाडलेले खड्डे पाण्याने भरलेले असतात आणि त्यांची खोली दिसत नाही. अशा खड्ड्यात १४८ मिलिमीटर उंचीचं रबर दबतं, धक्का गिळतं आणि पुढे जातं. ९२ मिलिमीटरचं रबर रिमपर्यंत चेपलं जातं. टायरच्या बाजूला फुगा येतो किंवा अलॉयला तडा जातो. जुनी पोलादी रिम वाकली तर मेस्त्री ठोकून सरळ करतो. तडा गेलेलं अलॉय चाक मात्र टाकून द्यावं लागतं, आणि तडा दिसला नाही तर ते चालत्या गाडीत तुटतं.

पॉन्टन आणि २२० एसईसारख्या जुन्या मर्सिडीझना मोठं चाक का मानवत नाही, याचं एक खास कारण त्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे. ती झुलती अ‍ॅक्सल असते: चाक वरखाली झालं की ते सरळ न राहता कलतं. उंच बाजूचा, लवचीक टायर हा कल सामावून घेतो, कारण त्याची बाजू वाकते आणि नक्षी रस्त्याला टेकून राहते. बुटका, रुंद, ताठ टायर मात्र चाक कललं की आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि त्याच्या रुंदीचा बराच भाग हवेत राहतो. म्हणजे पैसे मोजले २०५ मिलिमीटरचे आणि ऐन वळणात मिळाले त्यातले थोडेच. त्याहून वाईट म्हणजे, वळणात बाहेरच्या मागच्या टायरने फार जोरात रस्ता धरला की झुलत्या अ‍ॅक्सलवर गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि चाक आणखी आत कलतं. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढता-उतरताना, ओल्या वळणात घाबरून अचानक पाय उचलला तर हा स्वभाव उफाळून येतो. त्या काळच्या अभियंत्यांनी ही गाडी ज्या पकडीसाठी जुळवली, तिच्या फार पुढची पकड नुसती टायरमधून ओतणं हे सुरक्षेचं लक्षण नाही.

पुढच्या चाकांचीही तीच कथा. नव्या अलॉयचा बैठकीचा बिंदू मूळ रिमपेक्षा बाहेर असला की बेअरिंगवर आणि किंगपिनवर ताण वाढतो, स्टिअरिंग प्रत्येक खड्ड्यात हाताला झटका देतं आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो. मग मडगार्डची कड ठोकून वाकवली जाते. इथवर आलं की गाडीचा जो पत्रा साठ वर्षं टिकला तो चाकासाठी बिघडवला जातो.

तिसरा मुद्दा ब्रेकचा. मोठ्या रिममध्ये मोठे ब्रेक बसतात, हे बरोबर आहे. पण मूळ ब्रेक नीट असतील आणि जोरात दाबल्यावर चारही चाकं अडकत असतील, तर गाडी थांबण्याची मर्यादा ब्रेकची नसून टायरची आहे. त्या गाडीला मोठे ब्रेक देऊन काहीच मिळत नाही. ताजा टायर दिला की थांबण्याचं अंतर खरोखर कमी होतं. आणि ब्रेक चाक अडकवूच शकत नसतील तर आधी ड्रम, लायनिंग आणि सिलिंडर बघावेत. अलॉयने ती दुरुस्ती होत नाही.

चौथा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही: या मापाचे चांगले टायर आपल्याकडे सहज मिळत नाहीत. जून २०२० पासून परदेशी व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यामुळे परवाना लागतो. शिवाय टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. युरोपात जुन्या गाड्यांसाठी आजही बनणारे टायर म्हणूनच इथे एकट्यादुकट्या मालकाच्या हाती लागत नाहीत. मग दोन वाईट वाटा निघतात. एक, कुठल्या तरी गोदामात पंधरा वर्षं पडून असलेला ‘नवा’ टायर घ्यायचा. दुसरी, बाजारात मिळतो म्हणून छोट्या गाडीचा १३ इंची टायर चढवायचा.

दुसरी वाट का धोक्याची, ते पाहा. १५५/८० आर १३ हा टायर रिमवर बसतो, कारण रिम १३ इंची आहे. पण त्याचा भार-निर्देशांक ७९ असतो, म्हणजे एका टायरची क्षमता ४३७ किलो. २२० एसईचं नुसतं वजनच सुमारे १४०० किलो. पाच माणसं आणि सामान भरलं की ते अठराशेच्या घरात जातं. चार चाकांत वाटलं तरी प्रत्येकावर ४५० किलो, आणि मागच्या चाकांवर त्याहून जास्त. पकड दूरच राहिली, हा टायर उन्हात महामार्गावर तापून फुटू शकतो. १४ इंची चाकांच्या मालकांची स्थिती जरा बरी आहे: स्विफ्टसारख्या गाड्यांमुळे १६५/८० आर १४ हे माप सगळीकडे मिळतं. हलक्या जुन्या गाडीला ते चालतं. दीड टनाच्या गाडीला ते लावण्याआधी भाराचं गणित कागदावर मांडायलाच हवं.

तरीही या अडचणीतून निघणारा निष्कर्ष ‘अलॉय लावा’ असा नाही. तो ‘योग्य टायर मिळवा’ असा आहे. त्याकडे मी शेवटी येतो.

त्याआधी मला माझ्याच बाजूच्या काही लोकांना उत्तर द्यायचं आहे. मूळ चाक जपणाऱ्यांत एक गट असा आहे की त्याला टायरही १९६० सारखाच, क्रॉसप्लाय (म्हणजे रेडियलआधीच्या जुन्या बांधणीचा) आणि जुन्या नक्षीचा हवा. या आग्रहाबद्दल मला आदर आहे, पण तो प्रदर्शनाच्या मांडवात ठीक आहे. टायर हा मुळातच झिजून बदलायचा भाग आहे; गाडी शोरूममधून आली तेव्हाचा टायर कधीच संपला. मिशेलिनने रेडियलचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं, म्हणजे रेडियल या गाड्यांपेक्षा वयाने मोठा आहे. ओल्या रस्त्यावरची पकड सुधारणारी सिलिकायुक्त मिश्रणं १९९२ पासून टायरांत आली. भारतातही २०२२ च्या अधिसूचनेनंतर नव्या टायरांना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान पातळी गाठणं बंधनकारक झालं. ही सगळी प्रगती मूळ मापाच्या रिमवर वापरता येते आणि गाडीचं रूप तसूभरही बदलत नाही. एकच अट: चारही टायर एका जातीचे हवेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडी तर कधीच नको. पुढची बाजू रस्ता धरते आणि मागची सुटते.

दुसरा गट ट्रॅकवरचे अतिमऊ टायर छोट्या रिमवर लावू पाहतो. ते रबर तापल्यावर चिकटतं, आणि त्यावर खाचा जेमतेम असतात. आपल्या पावसात ते तापत नाही आणि पाणीही सारत नाही. सर्वांत मऊ टायर म्हणजे सर्वांत सुरक्षित टायर, ही समजूत अलॉयच्या समजुतीइतकीच चुकीची आहे.

मग टायर निवडायचा कसा? आधी वय बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: ‘३२२४’ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाआधीचा आहे. नक्षी कितीही खोल असो, तो गाडीला लावू नका. ब्रिटनने फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुना टायर कायद्याने बंद केला, तो अपघातांच्या अनुभवातूनच. आपल्या उन्हात रबर आणखी लवकर कडक होतं. आकडे वाचल्यावर अंगठ्याचं नख नक्षीच्या ठोकळ्यात दाबा. ताजं रबर दबतं आणि परत वर येतं. मेलेलं रबर चकचकीत असतं आणि नखाला दाद देत नाही. खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा दिसल्या तर पुढचं बोलणंच संपलं. आपल्याकडे गाडी वर्षाला हजार किलोमीटरही चालत नाही, त्यामुळे टायर गोटा व्हायच्या आधीच म्हातारा होतो आणि मालक खोल नक्षी बघून निर्धास्त राहतो.

मग भार-निर्देशांक आणि वेगाचं अक्षर मूळ गाडीच्या गरजेइतकं किंवा जास्त आहे का ते तपासा. त्या काळच्या बऱ्याच रिमच्या आतल्या काठाला आजच्यासारखा उंचवटा नसतो, आणि हवा कमी झाली की वळणात टायर त्यावरून सुटू शकतो. अशा रिमवर ट्यूब घालावी, आणि तीही रेडियलसाठी बनवलेली. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतलं कागदी लेबल सोलून काढायला सांगा. ते राहिलं तर ट्यूबला घासून भोक पाडतं. शेवटी हवा. नक्षीवर खडूने आडवी रेघ मारा, गाडी सपाट जागी थोडी पुढे न्या आणि रेघ कुठे पुसली गेली ते बघा. मध्येच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी. हे सगळं करायला अर्धा तास लागतो.

कायद्याचा आधार मी मुद्दाम घेतलेला नाही. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो तो तिचं मूळ रूप टिकलं असेल तर. त्यात सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. चाकांवरून कोणाला भीती घालावी असं मला वाटत नाही. माझा युक्तिवाद रस्त्यावरचा आहे आणि तो तिथेच खरा ठरतो.

आता उरलेला प्रश्न: चांगला टायर आणायचा कुठून? नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन ही कंपनी जुन्या गाड्यांसाठी, जुन्या मापांचे आणि जुन्या रूपाचे पण आजच्या रबराचे रेडियल बनवते. २००९ मध्ये अपोलो टायर्सने ती विकत घेतली. म्हणजे ज्या टायरसाठी आपण अडून बसलो आहोत, तो बनवणाऱ्या ब्रँडची मालकी भारतीय कंपनीकडे आहे. आज गोव्यातला एक मालक चार टायर मागतो तेव्हा त्याला कोणी दारात उभं करत नाही, हे स्वाभाविक आहे. पण गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबई इथल्या मालकांनी एकत्र येऊन १३ आणि १४ इंची मापांची यादी केली, किती टायर लागतील ते लिहून दिलं, आणि कंपनी व महासंचालनालय या दोघांकडे एकत्र परवान्याची मागणी नेली, तर ती मागणी फेटाळणं सोपं नाही. रॅली भरवायला, गाड्या सजवायला आपण एकत्र येतो. टायरसाठी यायला काय हरकत आहे?

अलॉयच्या एका सेटसाठी जो पैसा आणि जी धावपळ आज होते, ती या मागणीमागे लागली पाहिजे. तोवर प्रत्येक मालकाने मे महिन्यात, पावसाच्या आधी, चारही टायरांवरचे चार आकडे वाचावेत आणि जे म्हातारे निघतील ते गाडीवरून उतरवावेत, मग योग्य टायर येईपर्यंत गाडी शेडमध्ये राहिली तरी चालेल. सुरक्षेची खरी काळजी असणाऱ्याने सुरुवात इथून करावी.